आकडा जुना, दुरुस्ती नवी
ओळख लिनक्सची : भाग ९

मागच्या भागात आपण 'ॲप्ट' वापरून एक प्रोग्राम बसवला. आता तो अद्ययावत ठेवायचा. 'सुडो ॲप्ट अपडेट' म्हटलं की पडद्यावर ओळींमागून ओळी धावतात आणि नवख्याला वाटतं, झालं काम. खरं तर एकही पॅकेज बदललेलं नसतं. कोणत्या भांडारात, म्हणजे रिपॉझिटरीत, कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती आहे त्याच्या ताज्या याद्या तेवढ्या आलेल्या असतात. पॅकेजं बदलतात ती त्यानंतरच्या 'ॲप्ट अपग्रेड'ने.

याद्या कुठून आणायच्या ते 'सोर्सेस.लिस्ट' ही फाइल ठरवते. (उबुंटू २४.०४ पासून तोच मजकूर 'उबुंटू.सोर्सेस' फाइलमध्ये असतो.) डेबियन १२ च्या मशीनवर तिथे सर्व्हरचा पत्ता, 'बुकवर्म' हे प्रकाशनाचं नाव आणि 'मेन'सारखे विभाग दिसतील. डेबियनच्या प्रकाशनांची बारशी 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांवरून होतात. काहीजण नावाऐवजी नुसतं 'स्टेबल' लिहितात. ते टाळावं. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३, म्हणजे 'ट्रिक्सी', आलं आणि त्या दिवसापासून 'स्टेबल'चा रोख ट्रिक्सीकडे वळला. ॲप्ट अशा वेळी विचारतं खरं, पण सवयीने 'वाय' दाबणाऱ्याची अख्खी प्रणाली बदलायला लागते.

यादी खरी कशावरून? भांडारातल्या 'इनरिलीज' फाइलवर डिजिटल सही असते, त्या फाइलमध्ये प्रत्येक यादीचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा. म्हणून पॅकेज साध्या 'एचटीटीपी'वरून आलं तरी वाटेत त्यातला एक बाइट जरी बदलला, तर ॲप्ट ते नाकारतं. मात्र सही एवढंच सांगते की माल कुणाकडचा आहे. एखाद्या ब्राउझरसाठी बाहेरचं भांडार जोडलं, तर त्याच्या पॅकेजमधल्या स्क्रिप्ट 'रूट'च्या अधिकाराने चालतात. शिवाय नेहमीच्या भांडारांना ॲप्ट सारखाच मान देतं, ५०० गुणांचा. बाहेरच्या भांडाराने प्रणालीतल्याच एखाद्या लायब्ररीचं नाव घेऊन मोठा आकडा पुढे केला, तर अपग्रेडमध्ये तीच बसते. बाहेरची भांडारं जोडताना माझा हात आखडता असतो तो यामुळे.

आता आकड्यांकडे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतलं 'हार्टब्लीड' हे भगदाड उघडकीला आलं. मूळ प्रकल्पाने दुरुस्त आवृत्ती काढली १.०.१जी. डेबियन ७ ने ती घेतलीच नाही. आपल्या जुन्या १.०.१ई मध्येच तेवढी दुरुस्ती बसवली आणि आवृत्ती झाली '१.०.१ई-२+डेब७यू५'. नुसतं '१.०.१ई' वाचणाऱ्याला मशीन धोक्यात वाटलं असतं. खरी खबर शेपटीतल्या 'यू५'मध्ये होती. स्थिर प्रकाशनांची रीतच ही: प्रोग्राम जुनाच ठेवायचा, भोक तेवढं बुजवायचं. नवी सोयही येत नाही, नवी मोडतोडही येत नाही.

दहा वर्षांनी उलटा प्रकार झाला. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की 'एक्सझेड' या फाइली आकसवणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदार ठेवलं आहे. डेबियनच्या 'टेस्टिंग' आणि 'अनस्टेबल' शाखांमध्ये त्या पोचल्या होत्या. स्टेबल मात्र ५.४.१ वरच होतं, त्यामुळे वाचलं. जिथे पोचल्या होत्या तिथे मागे फिरायला हवं होतं, आणि ॲप्ट आपण होऊन लहान आकड्याकडे जात नाही. मग डेबियनने पॅकेजला आकडा दिला '५.६.१+रिअली५.४.५-१'. बाहेरून मोठा, आतून जुना. इतका प्रामाणिक खोटेपणा क्वचितच पाहायला मिळतो.

आपल्या मशीनवर हे पाहायचं तर 'ॲप्ट पॉलिसी' लिहून पुढे पॅकेजचं नाव द्या. बसलेली आवृत्ती, पुढे बसू शकणारी आवृत्ती आणि प्रत्येकीचं भांडार दिसेल. बसलेल्या आवृत्तीखाली भांडाराचा पत्ता नसून फक्त 'डीपीकेजी/स्टेटस' अशी ओळ असेल आणि दुसरी कुठलीच आवृत्ती दिसत नसेल, तर ते पॅकेज आज कोणत्याच यादीत नाही. कधीतरी हाताने बसवलेलं असेल किंवा त्याचं भांडार तुम्ही काढून टाकलं असेल. त्याची दुरुस्ती येणार नाही, आणि अपग्रेड तरीही सगळं ताजं असल्याचंच सांगेल.

पुढच्या आठवड्यात : अपग्रेड काही पॅकेजं 'केप्ट बॅक' म्हणून मागे का ठेवतं?