आत्याला मी चुकीचं काय सांगितलं? : दुःख आणि ख्रिस्ती आशा

आजचा विषय मी बरेच दिवस टाळत होतो, कारण त्याची सुरुवात माझ्याच चुकीपासून होते.

तीन वर्षांपूर्वी माझा आतेभाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला. 24 वर्षांचा होता. मी तेव्हा मंडळीच्या तरुण संघात पुढे पुढे असायचो, वचनं तोंडपाठ. मातीच्या दुसऱ्या दिवशी आत्याजवळ बसलो आणि म्हणालो, "आत्या, देवाची यात काहीतरी योजना असणार." तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि उठून आत गेली. पुढे आठ महिने ती उपासनेला आली नाही.

मी जे बोललो ते रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायातल्या 28व्या वचनाच्या जोरावर. आपल्या निम्म्या घरांतल्या कॅलेंडरवर ते असतं. पण पौल तिथे काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. देव सर्व गोष्टींतून भलं घडवतो, असं तो म्हणतो. सर्व गोष्टी भल्या आहेत, असं म्हणत नाही. आणि त्या वचनाच्या आधी काय आहे? कण्हणं. सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हते आहे, आपणही आतून कण्हतो आहोत, आणि आपल्याला प्रार्थना सुचत नाही तेव्हा पवित्र आत्माही आपल्यासाठी कण्हतो. म्हणजे पौल 28व्या वचनापर्यंत पोचतो तो तीनदा कण्हण्यातून जाऊन. मी थेट 28व्यावर उडी मारली होती.

यात माझ्या पेशाचाही थोडा दोष आहे. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की सगळं सुरळीत झाल्यावर एक कागद लिहावा लागतो : बिघाडाचं मूळ कारण काय, चूक कोणाची, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. डोक्याला सवयच लागते. दुःख दिसलं की आधी कारण शोधायचं.

येशूच्या शिष्यांनाही हीच सवय होती. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसल्यावर त्यांनी विचारलं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही पर्याय खोडून काढले आणि त्याला दृष्टी दिली. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, तेव्हाही त्याने स्पष्ट सांगितलं की ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती. ईयोबाच्या मित्रांचं तर काय सांगावं! सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसून राहिले, तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि सगळा घोटाळा झाला. शेवटी देव रागावला तो कारणं सांगणाऱ्या मित्रांवर. देवाशी भांडणारा ईयोब आपल्याविषयी योग्य बोलला, असं देवच म्हणाला. आणि ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

मग आशा कशात आहे? मला ती योहानाच्या 11व्या अध्यायात सगळ्यात स्पष्ट दिसते. लाजर मरून चार दिवस झालेत. येशू बेथानीला पोचतो. मार्था आणि मरीया दोघी त्याला वेगवेगळ्या भेटतात आणि एकच तक्रार करतात : तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. आता बघा, थोड्याच वेळात आपण लाजरला उठवणार आहोत हे येशूला माहीत आहे. तरी तो मरीयेला म्हणत नाही की रडू नकोस, शेवट गोड आहे. तो स्वतः रडतो. तिथल्या मूळ ग्रीक शब्दात तर दुःखासोबत संतापाचीही छटा आहे. मरण ही देवाच्या लेखीसुद्धा बरी गोष्ट नाही, शत्रू आहे. ज्या गोष्टीवर देवाचा पुत्र रडला आणि संतापला, तिला मी आत्यासमोर 'योजना' म्हणून मोकळा झालो होतो.

अर्थात, लाजर नंतर कधीतरी पुन्हा मेलाच. म्हणून आपली आशा लाजरवर नाही, येशूच्या स्वतःच्या पुनरुत्थानावर आहे. पौल त्याला पिकाचं पहिलं फळ म्हणतो : एक पेंढी हातात आलीय, बाकीचं शेत अजून उभं आहे. या मधल्या काळात आपण जगतो. इथे प्रार्थना केलेला प्रत्येक आजारी बरा होत नाही, आणि तसं आश्वासन देणाऱ्यांपासून मी तरी चार हात लांब राहतो. आणि उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. थोमाला त्याने त्याच दाखवल्या. म्हणजे जखम झालीच नव्हती असं नवी सृष्टीही म्हणणार नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर पंडिता रमाबाई आठवा. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये पती पटकीने गेले, मुलगी मनोरमा तेव्हा तान्ही होती. बाप्तिस्मा झाला तो यानंतर, 1883 मध्ये, इंग्लंडमध्ये. म्हणजे 'विश्वास ठेवला की संकट येत नाही' या बोलीवर त्या आल्या नव्हत्या. 1896-97च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. 1921 मध्ये, हाताशी आलेली मनोरमाही गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी तरी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. कोणी म्हणतं, त्या मुलींना वाचवता यावं म्हणूनच देवाने रमाबाईंना उपाशी ठेवलं. मला हे पटत नाही. ही पुन्हा ईयोबाच्या मित्रांचीच भाषा झाली.

आता आत्याकडे येतो. भावाच्या पहिल्या वर्षदिनाला मी गेलो. आधी माफी मागितली. ती म्हणाली, "वाच काहीतरी. पण ते कॅलेंडरवरचं नको." मी 88वं स्तोत्र काढलं. स्तोत्रसंहितेतली बरीच विलापगीतं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. पण हा अंधार देवालाच ऐकवलेला आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. रात्रंदिवस हाक मारणारा माणूस उत्तर मिळालं नाही तरी हाक मारणं थांबवत नाही.

वाचून झाल्यावर आत्याने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि ते पान स्वतः पाहिलं. "हे बायबलात आहे?"

"आहे."

"मग मंडळीत कधी कोणी वाचत कसं नाही?"

यावर मला काही बोलता आलं नाही. पुढच्या रविवारी ती आली. शेवटच्या बाकावर बसली, गीतांना उभी राहिली नाही. बाहेर पडताना मला म्हणाली, "असलं आणखी एखादं असेल तर शोधून ठेव."