दोनशेचे एकशे अठ्ठ्याण्णव झाले तेव्हा

इंग्लंडमधल्या वूस्टरशरमध्ये ड्रॉइटविच इथं बीबीसीचं लाँगवेव्ह केंद्र आहे. ते अनेक दशकं 200 किलोहर्ट्झवर चाले आणि त्यामुळे एका वेगळ्याच जातीचे रेडिओ तयार झाले. त्यांना केंद्र बदलण्याची खुंटी नसे, बहुतेकांना स्पीकरही नसे. ड्रॉइटविचची वाहक लहर रुबिडियमच्या आण्विक घड्याळाला बांधलेली होती. हे संच तिच्यावरचं गाणं-बोलणं गाळून टाकत आणि उरलेल्या शुद्ध लहरीशी आपला 1 मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर जुळवून घेत. मोजमापाच्या टेबलावर वारंवारतेचं जवळजवळ फुकट प्रमाण मिळे. मग 1 फेब्रुवारी 1988 रोजी केंद्र 198 वर सरकलं आणि हे सगळे संच एका रात्रीत मुके झाले. कारण होता 1975चा जिनिव्हा करार. त्यानुसार प्रसारणाच्या वारंवारता नऊच्या पटीत आणायच्या होत्या. आकाशवाणीच्या केंद्रांपैकी मुंबईचे 558 आणि 1044, पुण्याचा 792, नागपूरचा 585 हे आकडेही नऊनं भागून पाहावेत, नियम तोच.

असा संच दुसऱ्या केंद्रावर आणायचा म्हणजे कॉइल थोडी फिरवायची, असा समज असतो. माझ्या मते खरी अडचण कॉइलच्या पुढे आहे. गुंडाळी आणि कपॅसिटर यांची वारंवारता दोघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. 200 वरून 198 वर यायला हा गुणाकार जेमतेम दोन टक्के वाढवावा लागतो. फेराइटच्या दांड्यावरची गुंडाळी जरा मध्याकडे सरकवली तरी पुरतं. ज्या संचात 200 किलोहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर आहे, तिथं मात्र हात टेकावे लागतात. क्रिस्टल एक टक्का कधीच सरकत नाही, तो बदलावाच लागतो.

त्यानंतर येतो भागाकार. 1 मेगाहर्ट्झला पाचनं भागलं की 200 किलोहर्ट्झ मिळत, म्हणून जुन्या संचात एका साध्या भागाकार सर्किटवर काम भागे. 1000 आणि 198 यांचा मसावि मात्र फक्त 2 आहे. म्हणजे येणाऱ्या लहरीला 99 नं आणि घरच्या ऑसिलेटरला 500 नं भागून दोन्ही बाजू 2 किलोहर्ट्झवर आणायच्या, मगच त्यांची तुलना करता येते. संचाचं अर्धं पोटच नव्यानं बांधायचं.

उपग्रह असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. जीपीएसला बांधलेला ऑसिलेटर आज सहज मिळतो आणि अचूकतेत तो पुढेच आहे. लाँगवेव्हची लहर रात्री आयनमंडलावरून परतते, तिची कला (फेज) हलते आणि मोजमाप तेवढं डगमगतं. पण जीपीएसचा संकेत क्षीण असतो, त्याला मोकळं आकाश लागतं. लाँगवेव्ह विटांच्या भिंतीतून खोलीत येते. अचूकतेच्या शर्यतीत जुना संच उतरवू नये. एक स्वतंत्र साक्षीदार म्हणून तो टेबलावर असावा, एवढंच माझं म्हणणं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: लाँगवेव्हच मावळते आहे. 198 वर लागणाऱ्या बीबीसी रेडिओ 4 चे लाँगवेव्हवरचे स्वतंत्र कार्यक्रम एप्रिल 2024 मध्ये थांबले आणि ही सेवा आवरती घेण्याचा इरादा बीबीसीनं जाहीर केलेला आहे. इथं फ्रान्सकडे पाहावं. तिथल्या अलुई केंद्राच्या 162 किलोहर्ट्झवरचे कार्यक्रम 2016 अखेर संपले, तरी वाहक लहर चालूच ठेवली, कारण तिच्यावर वेळेचा संकेत जातो आणि त्यावर अनेक घड्याळं चालतात. कार्यक्रम संपले म्हणून केंद्र संपत नाही, हे त्यातून दिसतं. तंत्रही सोयीचं आहे. कपॅसिटर सुमारे निम्म्यानं वाढवायचा, म्हणजे समांतर आणखी एक डाखायचा. आणि भागाकार 99 ऐवजी 81. तुलना 2 किलोहर्ट्झवरच राहते, 500 ला हातही लावायचा नाही. अलुईच्या लहरीची कला संकेतासाठी सतत मागेपुढे हलवली जाते, पण सरासरीत ती शून्यावर येते. जुळवणी संथ ठेवली की झालं. जर्मनीचं 77.5 किलोहर्ट्झचं केंद्रही आहे, पण तिथं कपॅसिटन्स साडेसहापट लागतो आणि वाहक लहर जवळजवळ दर सेकंदाला क्षणभर खाली जाते.

भारतात ही केंद्रं उपयोगी पडत नाहीत. युरोपात ज्यांच्याकडे असा संच पडून असेल त्यांनी 198 चा नाद सोडून 162 धरावा.