पांढऱ्या थराचा हिशेब

साताऱ्याच्या माण-खटावात किंवा सांगलीच्या जत-आटपाडीत बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या एखाद्या घरी पाहुणे म्हणून गेलो, की गावच्या पाण्याची ओळख स्वयंपाकघरातच पटते. कुकर आतून पांढुरका झालेला असतो. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाशी खपल्या धरलेल्या असतात. बादलीत सोडायच्या हीटरवर जाड कवच चढलेले दिसते. घरची बाई ओशाळून म्हणते, "काय करायचं, घासून घासून हात गेले. पाणीच जड आहे आमचं."

वाचक बंधू-भगिनींनो, या ओशाळण्याबद्दलच आज आम्हाला बोलायचे आहे. हा थर तिच्या आळसाचा नाही आणि नशिबाचाही नाही. त्याला कारण आहे आणि थोडाफार उपायही आहे.

थर येतो कुठून?

कृष्णामाई महाबळेश्वरला उगम पावते. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. सांगलीकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ यांचीही तीच गत. जिथे नदीचे पाणी पोहोचत नाही तिथे माणूस जमिनीत खाली खाली जातो. आधी आड, मग विहीर, मग बोअर.

आपल्याकडची जमीन काळ्या कातळाची. या कातळाच्या भेगांतून आणि चुनखडीच्या खड्यांतून पाणी सावकाश झिरपते, तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नावाचे क्षार त्यात विरघळतात. पाणी जितका काळ खडकात मुरून राहील, तितके क्षार साधारणपणे जास्त. पाऊस कमी, उन्हाची वाफ जास्त, म्हणून दुष्काळी पट्ट्यात हे पाणी अधिकच जड होते. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात, कारण त्याला साबणाचा फेस येत नाही.

हे पाणी तापले की विरघळलेल्या क्षारांचा काही भाग घट्ट होऊन बाहेर पडतो आणि जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथेच चिकटतो. म्हणून माठापेक्षा हीटरवर थर लवकर धरतो.

खिशाला बसणारी चाट

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चालतो. दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. समजा आपल्या बोअरचे पाणी ४०० चे आहे आणि घरात रोज पंधरा लिटरच्या पाच बादल्या तापतात. म्हणजे रोज तीस ग्रॅम क्षार हीटरपाशी येतात. त्यातला दहावा हिस्साच चिकटला असे धरले, तरी वर्षाकाठी एक किलोच्या वर थर साचतो!

या थरातून उष्णता सहज जात नाही. आत कांडी लाल होते, बाहेर पाणी मात्र सावकाश तापते. वीज जास्त लागते आणि एक दिवस कांडी जळते. कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी आत येते तिथली जाळी बुजते. कूलरच्या जाळ्या दगडासारख्या होतात. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीच्या दाण्यातील पेशी घट्ट बांधून ठेवतो. शिट्ट्या वाढतात, गॅस वाढतो. साबणाची वडी निम्मी वाया जाते आणि जो फेस होत नाही त्याचा चिकट साका कपड्यांत बसतो. विहारात वंदनेला नेसायची पांढरी साडी चार धुण्यांत राखाडी दिसू लागते. हप्त्याने आणलेली वस्तू हप्ते फिटण्याआधीच बिघडली, तर कष्टकरी घराचे किती नुकसान होते, हे आम्ही सांगायला नको.

घरच्या घरी काय करावे?

प्रथम कुकर. शिट्टी ज्या नळीवर बसते तिचे भोक रोज उजेडाकडे धरून आरपार पाहावे. क्षाराने ते बुजले तर वाफ कोंडून अपघात होऊ शकतो. सुरक्षा झडप वेळोवेळी बदलावी, ती योग्य मापाची आणि कुकरच्याच कंपनीची असावी.

हीटरची पिन काढून तो पूर्ण थंड होऊ द्यावा. प्लास्टिकच्या बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात मूठभर लिंबूसत्व विरघळवावे आणि हीटरचा फक्त पाण्यात बुडणारा भाग तासभर त्यात ठेवावा. थर भुसभुशीत होऊन सुटतो. स्वच्छ धुऊन, कोरडा करूनच परत लावावा. चाकूने खरवडू नये. स्टीलच्या पातेल्याला चिंच, लिंबाच्या साली किंवा व्हिनेगर चालते. ॲल्युमिनियमच्या भांड्यात मात्र आंबट पदार्थ रात्रभर ठेवू नये.

संडास धुण्याचे तीव्र ॲसिड भांड्यांना आणि उपकरणांना लावू नये. ब्लीचिंग पावडरबरोबर ते कधीच मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

गिझर असेल तर तो पन्नास-पंचावन्न अंशांवर ठेवावा. पाणी जितके जास्त तापते तितका थर वेगाने धरतो. वर्षातून एकदा जाणकार मिस्त्रीकडून तो उघडून साफ करून घ्यावा आणि आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास बदलावी.

सुती कपडे धुताना बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून थोडे थांबावे, मग साबण घालावा. पिण्यासाठी पाणी उकळतच असाल तर ते निवू द्यावे आणि वरचे निवळ पाणी डाळीला वापरावे. उकळण्याने जडपणाचा काही भाग तळाशी बसतो, सगळा जात नाही. पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस वाहून गेल्यावर स्वच्छ पत्र्यावरचे पाणी धरले तर धुण्याला आणि डाळ शिजवायला ते उत्तम. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र बाजारात मिळणारे डिस्टिल्ड पाणीच घालावे.

भीतीचा बाजार

जड पाण्याने मुतखडा होतो, हा समज घरोघरी आहे. तसे ठाम सिद्ध झालेले नाही. उलट उन्हात राबून पाणी कमी पिणे हे मुतखड्याचे मोठे कारण आहे. जडपणापेक्षा फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू यांची काळजी जास्त करावी, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि थरही सोडत नाहीत.

शुद्धीकरण यंत्र विकणारा दारात येतो, ग्लासात दोन दांड्या घालून वीज सोडतो आणि पाणी तांबूस करून दाखवतो. ती घाण बहुतेक दांडीच्याच लोखंडाची असते. त्याचे यंत्र एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर बाहेर टाकते. दुष्काळी गावात हा हिशेब आधी करावा. पाणी खरोखरच फार खारे असेल तर यंत्र जरूर घ्यावे, पण तपासणी करून. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. ते पाण्यालाही लागू आहे.

नळ आला, पुढे काय?

१९०१ साली याच जिल्ह्यात मसूर स्टेशनवर बाल भीमराव भाऊ आणि भाच्यांसह उतरले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. बैलगाडीच्या त्या प्रवासात शिदोरी सोबत होती, पण जात कळेल म्हणून आणि कळल्यामुळे पिण्याजोगे पाणी मिळाले नाही. मुले उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ही हकिगत सांगितली आहे. पुढे २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही तो खटला जिंकला.

ती लढाई पाण्याला हात लावण्याची होती. आज नळ दारात आला आहे. आता त्यातून काय येते, हे विचारण्याची पाळी आपली. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी गेले. दुसऱ्या जिल्ह्याची तहान भागवणे शक्य होते, तर आपल्याच जिल्ह्याच्या टोकाच्या वस्तीला नदीचे पाणी का पोहोचत नाही? गावात योजनेचे पाणी आणि आपल्या वस्तीत बोअरचे, असे तर नाही ना? ग्रामसभेत हे उभे राहून विचारा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, त्यांत आपल्या वस्तीची कोणी आहे का, हे पाहा.

सुरुवात अगदी सोपी आहे. येत्या रविवारी वंदनेला येताना प्रत्येक घराने आपल्या नळाचे पाणी सारख्याच बाटलीत अर्धे भरून आणावे. अंगाच्या साबणाचा सारखाच तुकडा प्रत्येकीत टाकून हलवावे. कोणत्या बाटलीत फेस टिकतो आणि कोणत्या पाण्याचे दही होते, ते मुलांना वहीत लिहू द्यावे. मग सर्वांत वाईट बाटल्यांचे पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्यावे, आणि आलेला कागद घेऊनच ग्रामसभेला जावे. जयभीम!