जुन्या ट्रकचें दुखणें कसें ओळखावें

वसई, आगाशी, नाळे या भागांतील बागायतींतून केळीं, पानें, फुलें आणि भाजीपाला मुंबईच्या बाजारांत येतो, हें आपणांस ठाऊक आहेच. असा नाशिवंत माल भरलेला ट्रक पहाटे सुरूच होईना, किंवा वसईच्या खाडीच्या पुलावर मध्येंच बंद पडला, तर मालकाच्या त्या दिवसाच्या कमाईवर पाणी पडतें. त्याहून मोठें नुकसान पुढें होतें. घाईनें कॉइल बदलली जाते, मग पंप, मग कार्बोरेटर. आणि शेवटीं दोष एखाद्या सैल तारेंत सांपडतो. चुकीच्या निदानाची ही किंमत कशी टाळावी, याचा आज थोडा विचार करूं.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत पुढें डॉज आणि फार्गो ट्रक जुळविले जाऊं लागले. त्या काळचे बहुतेक ट्रक पेट्रोलवर चालत. १९५४ पासून टाटांचे डिझेल ट्रक रस्त्यावर आले आणि पेट्रोलचा ट्रक हळूहळू मागें पडला. आज तो क्वचितच दिसतो. परंतु ज्यांनीं तो हौसेनें जतन केला आहे, किंवा ज्यांच्या घरीं जुनी पेट्रोलची जीप अथवा मोटार आहे, त्यांना हेंच शास्त्र उपयोगीं पडतें.

इंजिनास तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरांतील पुरेसा दाब. दाब एका रात्रींत नाहींसा होत नाहीं. म्हणून काल चाललेली गाडी आज अडली, तर प्रथम ठिणगी व पेट्रोल यांचीच चौकशी करावी.

सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतें कीं नाहीं, हा पहिला प्रश्न. तें मंद फिरत असेल किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर कार्बोरेटरला हात लावूं नये. बॅटरीचीं टोकें पाहावीं. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत त्यांवर पांढरा-हिरवा थर लवकर चढतो. तीं घासून घट्ट बसवावीं. बॅटरीची जी तार सांगाड्यास जोडलेली असते, तिचाही सांधा तपासावा.

इंजिन जोमानें फिरतें, पण पेटत नाहीं, अशा वेळीं एक प्लग काढून त्यास तार लावावी, प्लगचें अंग इंजिनच्या लोखंडास टेकवावें आणि सेल्फ मारावा. हातांत रबरी मुठीची पकड असावी व जवळपास सांडलेलें पेट्रोल नसावें. निळसर, टणक ठिणगी दिसली तर करंट ठीक आहे. ती पिवळट असेल किंवा मुळींच नसेल, तर डेल्कोचें झांकण उघडावें. पावसाळ्यांत तेथें ओल शिरते. कोरड्या फडक्यानें पुसतांच पुष्कळ गाड्या चालूं लागतात. पॉइंट काळे पडले असल्यास ते साफ करून त्यांतील फट तपासावी. ती साधारण अर्धा मिलिमीटर असते. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत पाहावा.

ठिणगी चांगली असेल, तर पेट्रोलकडे वळावें. काढलेला प्लगच पुष्कळ सांगतो. तो ओला असेल, तर पेट्रोल अधिक झालें आहे: चोक अडकला असेल, किंवा फ्लोटची सुई नीट बसत नसेल. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोंचतच नाहीं. इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडांत पाहावें आणि ॲक्सिलरेटर दाबावा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली नाहीं, तर टाकी, गाळणी आणि पंप असा क्रमानें शोध घ्यावा. कार्बोरेटरमध्यें हातानें पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याची खोड मात्र सोडावी. इंजिननें उलटा भडका मारल्यास माणूस भाजतो.

आतां चालतां चालतां बंद पडण्याविषयीं. दिव्याची कळ दाबावी तशी गाडी एकाएकीं गप्प झाली, तर बहुधा दोष करंटचा. ती धापा टाकीत, आचके देत थांबली, तर बहुधा पेट्रोलचा. चोक किंचित ओढतांच ती सावरली, तर मिश्रणांत पेट्रोल कमी पडत आहे, असें खुशाल समजावें. वेगांत नीट चालते, पण सिग्नलपाशीं बंद पडते, अशा गाडीचा मंद गतीचा जेट चोंदलेला असतो किंवा कार्बोरेटरखालच्या सांध्यांतून हवा शिरत असते. गाडी कांहीं मैल जाऊन थांबते आणि थोड्या वेळानें पुन्हां चालते, असें वारंवार होत असेल, तर टाकीचें झांकण सैल करून पाहावें. झांकणाचें हवेचें भोंक बुजलें म्हणजे टाकींत पोकळी निर्माण होते आणि पंपाकडे पेट्रोल येईनासें होतें.

सर्वांत फसवें दुखणें वैशाखांतलें. इंजिन तापलें कीं गाडी बंद. अर्ध्या तासानें जणूं कांहीं झालेंच नाहीं! याचीं दोन कारणें संभवतात. नळींतील पेट्रोलची वाफ होते आणि ती पंपास ढकलतां येत नाहीं. किंवा तापलेली कॉइल वा कंडेन्सर काम सोडतो. गाडी निवाल्यावर दोन्ही पुरावे नाहींसे होतात. म्हणून ती थांबतांच, रस्त्याच्या कडेस सुरक्षित उभी करून, ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर. असेल तर पंपावर व नळीवर ओलें फडकें ठेवावें; त्यानें गाडी चालूं लागली, तर दोष वाफेचा.

एक नवें कारणही ध्यानांत ठेवावें. पेट्रोलमध्यें शेंकडा वीस इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट आपल्या देशानें २०२५ सालीं गांठलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें, जुन्या रबरी नळ्या व पडदे खराब करतें आणि टाकींतील जुना चिकट थर सोडवून तो जेटपर्यंत नेतें. शिवाय त्यास जळण्यासाठीं हवा कमी लागते. म्हणून जुन्या मापाच्या जेटमधून मिश्रण पातळ पडतें. अशा गाड्यांच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्याव्या आणि गाळणी वरचेवर पाहावी.

शेवटीं एक नियम. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि लगेच परिणाम पाहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी सुरू होईलही, पण दोष कोठें होता हें कळणार नाहीं. आणि न कळलेला दोष पुन्हां भेटतो, तो बहुधा भरल्या ट्रकसह, चढावावर.