उन्हाळ्यातला बोहाडा: ना तिकीट, ना मंच

शहापूरहून मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे मुखवटे घातलेल्या सोंगांचा खेळ, पाहायला गेलेला नवखा पाहुणा आधी तिकीट आणि मंच शोधतो. दोन्ही नसतात.

मोखाडा आज पालघर जिल्ह्यात असला, तरी १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो शहापूर-मुरबाडप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होता. उन्हाळ्यात, शेतीची कामं थोडी थंडावली की इथे जगदंबेच्या उत्सवात बोहाडा रंगतो.

गावातला रस्ता हाच रंगमंच. टेंभ्यांच्या उजेडात गणपती, सरस्वती, मग रामायण-महाभारतातली पात्रं मुखवटे चढवून नाचत येतात. शेवटी देवी महिषासुराचा वध करते. अनेक सोंगं ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. भिंतीवर टांगलेल्या मुखवट्यावरून या कलेचा अंदाजच येत नाही.

खरी मजा वाजंत्र्यांजवळ उभं राहण्यात आहे. त्यांच्याकडचा संबळ म्हणजे कमरेला बांधलेली वाद्यांची जोडी: एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा घुमणारा. दोन काठ्यांपैकी एकीचं टोक वळलेलं असतं. मुखवट्यातून फारसं दिसत नाही, त्यामुळे सोंगाचं पाऊल ठेक्याच्या भरवशावर पडतं.