लिअरचा नकाशा आणि आत्याची सही

हेडफोन सापडत नसतील तर हरकत नाही, आजचा भाग इथं वाचा.

विषय आहे बाप आणि मुलगी. गोष्ट चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनची आहे, पण सुरुवात आपल्या इंदुरीतून करतो.

आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून बाबा, काका आणि आत्या अशी तीन नावं लागली. काही महिन्यांनी गाडी पाठवून आत्याला बोलावून घेतलं. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात हक्कसोडपत्रावर तिची सही झाली. घरी पुरणपोळी झाली, साडी-चोळी झाली. मी तेव्हा बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढं ‘किंग लिअर’ वाचलं आणि ती साडी आठवली.

नाटक शेक्सपिअरचं. १६०६ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या राजासमोर त्याचा प्रयोग झाला होता. म्हातारा लिअर नकाशा मांडून बसतो आणि तीन मुलींना सांगतो, माझ्यावर किती प्रेम आहे ते बोला, त्यावर वाटा ठरेल. गॉनरिल आणि रीगन भरभरून बोलतात, राज्य घेतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, मुलीनं बापावर करावं तेवढं प्रेम आहे, पण लग्न झाल्यावर अर्धी माया नवऱ्याकडे जाणारच. हिशोब सरळ आहे. बापाला तो अपमान वाटतो आणि तिला काहीच मिळत नाही. पुढं त्याच दोन मुली त्याला दाराबाहेर काढतात. कॉर्डेलिया त्याच्यासाठी परत येते, पण तुरुंगात तिला फाशी देतात. मेलेल्या लेकीला उचलून लिअर स्टेजवर येतो.

आता एक गंमत बघा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये जमीन सहसा थोरल्या मुलाला जायची. पण मुलगा नसेल तर सगळ्या मुलींना सारखा वाटा मिळायचा, आणि अशा बहिणींना कायद्यात ‘कोपार्सनर’ म्हणायचे. म्हणजे लिअरच्या तिन्ही मुलींना वाटा आपसूक मिळाला असता. जे हक्कानं मिळायचं होतं, त्यावर त्यानं प्रेमाची परीक्षा लावली. चूक तिथं झाली.

मराठीत हे नाटक सगळ्यांच्या ओळखीचं झालं ते ‘नटसम्राट’मधून. वि. वा. शिरवाडकरांनी लिअरवरून सुचलेली गोष्ट मराठी घरात आणली, आणि डिसेंबर १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू अप्पासाहेब बेलवलकर म्हणून उभे राहिले. अप्पा परीक्षा घेत नाहीत. होतं नव्हतं ते नंदा आणि नलू या दोन मुलांना देऊन मोकळे होतात. मुलाकडे पटत नाही म्हणून लेकीकडे जातात, आणि तिथं चोरीचा आळ येतो. सुनेनं बोलणं आणि लेकीनं संशय घेणं यात फरक आहे, म्हणून तो प्रवेश जास्त लागतो. आणि इथं कॉर्डेलिया नाहीच. रस्त्यावर आलेल्या अप्पांना जीव लावतो तो बूटपॉलिश करणारा राजा, एक परका पोरगा.

आता परत मावळात येऊ. एक्स्प्रेस वे आला, तळेगावची एमआयडीसी आली, गुंठ्याचे भाव वाढले. कायदा सांगतो की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे. ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची. त्यासाठी २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. आणि मुलीला या कायद्यानं काय म्हटलंय? तोच शब्द, कोपार्सनर!

पण आपल्याकडे परीक्षा उलटी चालते. लिअरच्या दरबारात प्रेम बोलून दाखवलं की जमीन मिळायची. इथं जमीन सोडली की प्रेम सिद्ध होतं. सही केली तर माहेर राहतं, नाही केली तर ‘कोर्टात गेलेली बहीण’ असं नाव पडतं. हक्कसोडपत्र स्वखुशीनंच व्हावं लागतं, पण माहेर तुटायची भीती असेल तर ती खुशी कुठली?

अप्पांसारख्या आईबापांसाठीही कायदा आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि पुढं सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. म्हणून ती अट कागदावर लिहून घ्या. लाजू नका.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी आत्याला फोन केला. म्हटलं, “तेव्हा तुला काय वाटलं होतं गं?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी दिलंच असतं रे. पण कुणी विचारलं नाही. नुसतं बोट दाखवलं, इथं सही कर.”

तुमच्या घरात असा कागद तयार होत असेल, तर सहीआधी एकदा विचारा. आणि ती नाही म्हणाली, तरी दिवाळीला गाडी पाठवा.

भेटू पुढच्या भागात.