एक व्हॉल्व्ह अडला, तर दुसरा हवा

रावेर-यावलकडे केळीला ठिबकमधून खत चालू असताना एकदम लाइट गेली तर? मोटार थांबते, पाइपातलं पाणी उलटं विहिरीकडे धावतं आणि सोबत युरियाही. तेच पाणी घरी पिण्यात येतं! नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हे थांबवतो. पण झडपेत खडा अडकला की तो निकामी. म्हणून खताच्या टाकीआधी दोन व्हॉल्व्ह बसवा, पंपाच्या बाजूला एअर व्हॉल्व्ह.

मात्र नुसतं बसवून भागत नाही. १९८४ साली भोपाळच्या कारखान्यात संरक्षणाच्या यंत्रणा अनेक होत्या. पण रसायन थंड ठेवणारी बंद होती, वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीत होता. तेव्हा दर हंगामाआधी दोन्ही व्हॉल्व्ह खोलून साफ करा. ग्रामसेवकांनीही गावविहिरीजवळचे ठिबक संच पाहून घ्यावेत.